पुलाच्या पायातील पाइल: ड्रॉइंगपासून बिलापर्यंत प्रोजेक्ट इंजिनिअरचे काम

कोकणातील एखाद्या नदीवर किंवा खाडीवर दुपदरी पूल बांधायचा असेल, तर प्रोजेक्ट इंजिनिअरच्या वाट्याला येणारे सर्वांत जोखमीचे काम म्हणजे बोअर (जमिनीत खोल भोक) घेऊन जागेवरच ओतलेल्या काँक्रीट पाइल्सचा, म्हणजे जमिनीतील खांबांचा, पाया. पिअरच्या (पुलाच्या मधल्या खांबाच्या) काँक्रीटमध्ये पोकळी राहिली तर ती फॉर्मवर्क (साचा) काढताच दिसते आणि तिची दुरुस्तीही करता येते, पण पाइल एकदा जमिनीत ओतली की ती कोणालाही उघडून पाहता येत नाही. म्हणूनच या कामात जे पाहायचे ते ओतण्याआधी पाहावे लागते आणि जे घडले ते घडत असतानाच लिहावे लागते. दोन-तीन वर्षे साइटवर काढून आता पहिल्यांदा स्वतंत्र जबाबदारी घेणाऱ्या इंजिनिअरसाठी हा क्रम मांडत आहे. उदाहरण म्हणून सर्वत्र १२०० मिलिमीटर व्यासाची, कटऑफ लेव्हलखाली (पाइलचे डोके जिथपर्यंत तोडतात त्या पातळीखाली) २० मीटर लांबीची पाइल घेतली आहे.

ड्रॉइंग, बोअरलॉग आणि करार एकत्र वाचा

जीएफसी ड्रॉइंग (बांधकामासाठी मंजूर झालेले) हाती आले की लगेच सळईची यादी काढायला बसू नये. आधी ड्रॉइंग, भूगर्भ तपासणीचा अहवाल आणि कराराचे स्पेसिफिकेशन ही तिन्ही कागदपत्रे एकाच टेबलावर मांडून प्रत्येक पिअरसाठी एक साधा तक्ता तयार करावा. त्यात पाइलचा क्रमांक, को-ऑर्डिनेट्स, जमिनीची लेव्हल, कटऑफ लेव्हल, तळाची अपेक्षित लेव्हल आणि जवळच्या बोअरहोलमध्ये कोणता थर कोणत्या लेव्हलला लागला हे सारे शेजारी शेजारी लिहावे. ड्रॉइंगमधील तळाची लेव्हल आणि बोअरलॉगमधील (बोअरहोलच्या थरांच्या नोंदीतील) कातळाची लेव्हल यांचा मेळ बसत नसेल, तर तो प्रश्न लेखी स्वरूपात डिझायनरकडे याच टप्प्यावर गेला पाहिजे. रिग (बोअर खोदणारे यंत्र) उभी राहिल्यावर विचारलेल्या त्याच प्रश्नाचे दर तासाला भाडे मोजावे लागते.

कोणते मानक लागू आहे हेही याच वेळी ठरवून घ्यावे, कारण त्यावरून पुढे वाद होतात. आयएस २९११ या पाइलच्या भारतीय मानकानुसार ६०० मिलिमीटरपेक्षा मोठ्या पाइलची जागा ७५ मिलिमीटर किंवा व्यासाचा दहावा भाग यांपैकी जे जास्त असेल तितकी सरकलेली चालते, म्हणजे आपल्या उदाहरणात १२० मिलिमीटर. उभेपणातील सूट दीड टक्का आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांसाठीच्या आयआरसी ७८ मध्ये मात्र सरक ७५ मिलिमीटर आणि कल १५० ला १ इतकाच मान्य आहे. २३ मीटर खोल बोअरमध्ये पहिल्या हिशेबाने तळ सुमारे ३४५ मिलिमीटर सरकू शकतो, तर दुसऱ्या हिशेबाने फक्त १५३. इमारतींच्या कामातून आलेली पाइलिंग एजन्सी सवयीने पहिला आकडा धरून चालते. तिच्या वर्क ऑर्डरमध्ये दुसरा आकडा स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा.

पावसाळ्यापासून मागे येत नियोजन करा

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि दक्षिण कोकणात तो त्याआधीच पोहोचतो. त्यामुळे नदीपात्रातील काम ३१ मे रोजी पूरपातळीच्या वर आलेले असले पाहिजे, हे गृहीत धरूनच कार्यक्रम आखावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, तेव्हा कोकणातल्या नद्या काही तासांत कोणते रूप घेतात हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा पात्रात अर्धवट उभी पाइल कॅप (पाइल्सची डोकी जोडणारा काँक्रीटचा ठोकळा), सोडून दिलेला मातीचा बांध किंवा कडेला ठेवलेली रिग यांपैकी काहीही सुरक्षित नसते.

समजा, पाच पिअरखाली प्रत्येकी चार आणि दोन्ही अबटमेंटखाली (काठावरील टोकाच्या आधारांखाली) प्रत्येकी सहा पाइल्स आहेत, म्हणजे एकूण ३२. झिजलेल्या कातळात एका रिगने सरासरी दोन दिवसांत एक पाइल होते असे धरले, तर नुसत्या पाइलिंगला ६४ दिवस लागतात. रिगचा बिघाड, बेंटोनाइट (बोअरची भिंत धरून ठेवणारी चिकणमाती) किंवा डिझेल वेळेवर न येणे आणि सणाच्या सुट्ट्या धरून ८० दिवसांचा हिशेब करावा. त्यापुढे पाइलचे डोके तोडणे, चाचण्या, कॅप आणि पूरपातळीच्या वरपर्यंत पिअर हे सर्व बसवायचे असेल, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिग चालू झालीच पाहिजे, आणि त्यासाठी ऑक्टोबरमध्ये रस्ता व प्लॅटफॉर्म तयार हवेत. पात्रातील पिअर आधी आणि काठावरील अबटमेंट नंतर हा क्रम मोडू नये. काठावर जायला सोपे असते म्हणून एजन्सी तिथून सुरुवात करू पाहते आणि एप्रिलअखेर सगळी धावपळ पात्रात येऊन पडते.

मांडणी आणि प्लॅटफॉर्म

बेंच मार्क (लेव्हल माहीत असलेल्या पक्क्या खुणा) किमान दोन असावेत, तेही भराव किंवा वाहतूक यांनी हलणार नाहीत अशा जागी, आणि त्यांची एकमेकांशी पडताळणी दर आठवड्याला व्हावी. पाइलचा मध्य टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) काढल्यावर चारही बाजूंना रेफरन्स खुंट्या ठोकाव्यात, कारण रिग जागेवर आली की मधली खुंटी उखडली जाते. लाइनर (बोअरच्या तोंडाचे लोखंडी नळकांडे) उतरवल्यानंतर त्याचा मध्य पुन्हा मोजावा आणि लाइनरच्या काठाची लेव्हल रंगाने लाइनरवरच लिहून ठेवावी. पुढचे प्रत्येक माप याच काठापासून घेतले जाणार आहे. आपल्या उदाहरणात लाइनरचा काठ ८.५०० आणि कटऑफ ५.५०० धरला, तर तळ उणे १४.५०० वर येतो, म्हणजे काठापासून तळ २३ मीटर.

प्लॅटफॉर्मवर मुरूम नीट दाबून घ्यावा. रिगचे वजन मोठे असते आणि एका बाजूची साखळी रुतली की मास्ट (रिगचा उभा खांब) कलते, मास्ट कलले की बोअर कलतो. वरून उच्च दाबाची विद्युतवाहिनी जात असेल, तर मास्ट आणि क्रेनचा बूम उभे राहण्यापूर्वी महावितरणकडे अर्ज गेलेला असावा.

बोअर कुठे थांबवायचा

खाडीकाठच्या चिखलात बोअरची भिंत बेंटोनाइटच्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या द्रवावर) उभी राहते. ताज्या स्लरीची घनता १.०३ ते १.१० दरम्यान असावी आणि मार्श कोनची वेळ (स्लरी नरसाळ्यातून वाहून जायला लागणारी) ३० ते ६० सेकंदांत यावी. बोअरमधील स्लरी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर राखावी. भरतीच्या वेळी हे अंतर कमी होते, म्हणून खाडीत काम करणाऱ्याने भरती-ओहोटीचे वेळापत्रक साइट ऑफिसच्या भिंतीवर लावून ठेवावे. बकेट बाहेर काढताना स्लरीची पातळी झपाट्याने उतरत असेल, तर काम थांबवून आधी स्लरी भरावी. त्या पाच मिनिटांच्या घाईत भिंत ढासळते.

खरा कस लागतो तो कातळात. दख्खनचा बेसाल्ट लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनला आहे आणि दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी लाल, मऊ मातकट पट्टा असतो. त्यामुळे रिगचा वेग मंदावला, बकेटमध्ये काळ्या कातळाचे तुकडे आले, म्हणजे पाइल टेकली असा निष्कर्ष काढणे महाराष्ट्रात फार धोक्याचे आहे. वरचा कठीण थर मीटर-दीड मीटरचाच असू शकतो किंवा तो झिजलेल्या मुरमात अडकलेला एक मोठा धोंडाही असू शकतो. बोअर थांबवण्याचा निर्णय घेताना बोअरलॉगमधील कोअर रिकव्हरी (हाती आलेल्या कातळाच्या नमुन्याचे प्रमाण) आणि आरक्यूडी (त्यातील अखंड तुकड्यांचे प्रमाण), रिगच्या एकसमान दाबाखाली ठरावीक वेळेत झालेली खोदाई आणि बाहेर आलेल्या तुकड्यांचे स्वरूप या तिन्ही गोष्टी एकच सांगत असल्या पाहिजेत. शंका असेल तिथे प्रत्येक पिअरला एक जादा बोअरहोल घेऊन पाइलच्या तळाखाली काही मीटरपर्यंत कोअर काढावी. तिचा खर्च एका पाइलच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि ती काढण्याचा आग्रह धरणारा इंजिनिअर मला अनुभवी वाटतो, घाबरट नव्हे.

दर मीटरला बाहेर आलेल्या मालाचा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाइल क्रमांक आणि खोली लिहून ठेवावा. कन्सल्टंटच्या प्रतिनिधीने सॉकेटची (पाइलच्या कातळात रुतलेल्या भागाची) सुरुवात आणि शेवट याच नमुन्यांवरून प्रत्यक्ष पाहून सही करावी. सही दुसऱ्या दिवशी घेण्याची पद्धत साइटवर रुळू देऊ नये. आणि बोअर रात्रभर उघडा राहणार असेल, तर त्यावर लोखंडी जाळी, भोवती कठडा आणि दिवा हवाच. स्लरीने भरलेला बोअर अंधारात सपाट जमिनीसारखा दिसतो आणि त्यात पडलेला माणूस हाती लागत नाही.

केज उतरवणे

केज (पाइलच्या सळयांचा सांगाडा) जमिनीवर आडवा असतानाच त्याची तपासणी पूर्ण करावी: सळयांची संख्या आणि व्यास, स्पायरलचे (भोवती गुंडाळलेल्या सळईचे) अंतर, लॅपची (दोन सळया एकमेकींवर येतात त्या जोडाची) लांबी, आतील कडी आणि ७५ मिलिमीटर कव्हरचे (सळईबाहेरील काँक्रीटचे) गोल ब्लॉक. उचलताना पिळवटून निघू नये म्हणून केज दोन ठिकाणी धरून उचलावा. २१ मीटरहून लांब केज दोन तुकड्यांत उतरतो, आणि बोअरच्या तोंडावर लॅप बांधण्यात जो वेळ जातो तेवढ्यात तळाशी गाळ बसत असतो. म्हणून त्या वेळी पुरेसे फिटर हाताशी असावेत, दोघांवर काम ढकलू नये.

केज तळावर टेकवायचा नसतो, तो लाइनरवरून टांगायचा असतो. कॅपमध्ये जाणारी सळई कटऑफच्या वर १.२ मीटर ठेवायची असेल, तर केजचा माथा ६.७०० वर येतो आणि काठापासून हँगरची (टांगण्याच्या सळईची) लांबी १.८ मीटर भरते. हा आकडा फोरमनला तोंडी सांगू नये. तो पोर कार्डवर (काँक्रीट ओतण्याच्या नोंदपत्रावर) लिहावा आणि हँगर वेल्ड झाल्यावर टेप लावून तपासावा. क्रॉसहोल सोनिक चाचणी (नळ्यांमधून ध्वनिलहरी पाठवून काँक्रीट तपासणारी) ठरलेली असेल, तर तिच्या नळ्या केजबरोबरच उतरतात. त्यांची खालची तोंडे बंद असावीत आणि त्या पाण्याने भरून वर टोपण लावावे.

काँक्रीट ओतण्याची रात्र

पाइलचे काँक्रीट बहुतेक वेळा संध्याकाळनंतरच सुरू होते, कारण दिवस खोदाईत आणि केजमध्ये जातो. म्हणून दुपारीच बॅचिंग प्लांटला मात्रा कळवावी. कटऑफच्या वर एक मीटर जादा ओतायचे धरले, तर २१ मीटर लांबी होते. १२०० मिलिमीटर व्यासाचे क्षेत्रफळ १.१३१ चौरस मीटर, म्हणजे २३.७५ घनमीटर. बोअर थोडा रुंद होतोच, त्यासाठी सात-आठ टक्के धरून सुमारे २५.५ घनमीटर, म्हणजे सहा घनमीटरचे पाच ट्रान्झिट मिक्सर, शेवटचा अर्धवट. दोन मिक्सरमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त खंड पडू नये, इतकी वाहने फेरीत हवीत. प्लांटचा जनरेटर आणि वाटेतील रेल्वे फाटक किंवा घाट या दोन्हींची चौकशी आधी व्हावी.

ट्रेमी (तळापर्यंत काँक्रीट नेणारी नळी) उतरवल्यावर तळाची साफसफाई करावी आणि वजन बांधलेल्या टेपने खोली पुन्हा मोजावी. खोदाई संपतानाची खोली आणि आताची खोली यांतील फरक म्हणजे तळाशी बसलेला गाळ. तो निघेपर्यंत फ्लशिंग (स्लरी फिरवून गाळ काढणे) चालू ठेवावे. तळाजवळच्या स्लरीची घनता १.२ पेक्षा जास्त असताना काँक्रीट सुरू करू नये, असे आयएस २९११ सांगते, आणि अनेक करारांतील मर्यादा याहूनही कडक असते. स्लरीचा नमुना तळातून काढायचा असतो. वरून बादली बुडवून घेतलेला नमुना काहीच सांगत नाही.

आता पहिल्या चार्जचा (सुरुवातीला एकदम सोडायच्या काँक्रीटचा) हिशेब. ट्रेमीचे तोंड तळापासून २०० मिलिमीटर वर आहे आणि पहिल्या झपाट्यात ते किमान एक मीटर काँक्रीटमध्ये बुडायला हवे. म्हणजे तळाशी १.२ मीटर उंचीसाठी १.३६ घनमीटर लागते. त्याशिवाय बाहेरच्या सुमारे २२ मीटर स्लरीच्या दाबाला तोलण्यासाठी ट्रेमीत साधारण १० मीटर काँक्रीट उभे राहते. २०० मिलिमीटरच्या ट्रेमीत ते ०.३१ घनमीटर होते. एकूण सुमारे १.७ घनमीटर. साइटवर असलेला हॉपर (ट्रेमीवरचे नरसाळे) एक घनमीटरचा असेल, तर तो भरून प्लग (त्याचे बूच) ओढताच मिक्सरची चूट पूर्ण वेगाने चालू राहिली पाहिजे, नाहीतर स्लरी ट्रेमीत शिरते आणि पाइलच्या तळाशी, जिथे सर्वांत भक्कम काँक्रीट हवे तिथेच, धुतलेली खडी उरते. मोठा हॉपर आणणे हा त्याहून चांगला उपाय आहे. हे गणित प्रत्येक खोलीसाठी नव्याने करावे. अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

स्लंप (काँक्रीटचा सैलपणा दाखवणारे माप) १५० ते १८० मिलिमीटरमध्ये असावा आणि तो प्रत्येक मिक्सरचा मोजावा. मिक्सरमध्ये पाणी मारण्याची परवानगी कोणालाही देऊ नये. कमी स्लंपचा मिक्सर परत पाठवणे किंवा प्लांटच्या माणसाने मिश्रणाच्या मर्यादेत अॅडमिक्स्चर (रसायन) देणे हे दोनच मार्ग आहेत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकानुसार १६ ते ३० घनमीटरसाठी तीन नमुने, म्हणजे २८ दिवसांसाठी नऊ क्यूब (ताकद तपासण्याचे ठोकळे) लागतात. ७ दिवसांचे वेगळे भरावेत.

प्रत्येक मिक्सरनंतर साउंडिंग (टेपने काँक्रीटची खोली मोजणे) हा या रात्रीचा गाभा आहे. सहा घनमीटर ओतल्यावर काँक्रीट सैद्धांतिकरीत्या ५.३ मीटर चढते, म्हणजे काठापासून १७.७ मीटरवर लागायला हवे. टेप १८.० दाखवत असेल, तर बोअर किंचित रुंद आहे आणि काळजीचे कारण नाही. टेप १६.५ दाखवत असेल, तर त्याच काँक्रीटने साडेसहा मीटर उंची गाठली आहे. याचा अर्थ बोअर कुठेतरी आवळला गेला आहे किंवा भिंतीचा भाग आत पडला आहे. टेप गाळावर टेकत नाही ना, हे दुसऱ्या बाजूने मोजून लगेच तपासावे, ते माप खोलीसह लिहावे आणि त्या पाइलची इंटिग्रिटी (अखंडतेची) चाचणी यादीत सर्वांत वर टाकावी.

ट्रेमी वर घेण्याचा निर्णयही याच मापावरून होतो. ट्रेमीचे तोंड काठापासून २२.८ मीटरवर आणि काँक्रीट १८.० वर असेल, तर ४.८ मीटर ट्रेमी बुडालेली आहे. तीन मीटरचा तुकडा काढला तर १.८ उरेल, ट्रेमी किमान दोन मीटर बुडालेली ठेवायची असल्यामुळे तो आता काढायचा नाही, दुसऱ्या मिक्सरनंतर काढायचा. काँक्रीट सरकत नाही म्हणून क्रेन ऑपरेटर ट्रेमी झटक्याने वर-खाली करतो, तेव्हा तोंड काँक्रीटच्या बाहेर येण्याची भीती असते. म्हणून ट्रेमीचा तुकडा सोडण्याचा शब्द फक्त टेप धरणाऱ्याने द्यावा, बाकी कोणीही नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी मुकादम आणि ऑपरेटर दोघांना स्पष्ट सांगावे.

नोंदी आणि चाचण्या

पाइल पूर्ण झाल्यावर त्याच रात्री मिक्सरनिहाय मात्रा, वेळ, स्लंप, काँक्रीटची खोली आणि ट्रेमीची लांबी यांचा आलेख काढावा. सैद्धांतिक आणि प्रत्यक्ष अशा दोन रेषा शेजारी काढल्या की पाइलचा आकार डोळ्यांसमोर येतो. ताज्या पाइलच्या लगतचा बोअर काँक्रीट पुरेसे घट्ट होईपर्यंत सुरू करू नये. रिगला पलीकडच्या पिअरवर पाठवण्याची सोय कार्यक्रमातच असावी.

डोके कटऑफपर्यंत तोडताना आवाज आणि रंग बदलेपर्यंत, म्हणजे खडी घट्ट धरलेले निरोगी काँक्रीट लागेपर्यंत जावे, आणि ते कटऑफच्या खाली गेले तर तसे लिहून कन्सल्टंटची पद्धत घ्यावी. लो-स्ट्रेन इंटिग्रिटी चाचणी (डोक्यावर हातोडीचा हलका ठोका देऊन केलेली) काँक्रीट ओतल्यानंतर किमान १४ दिवसांनी, डोके साफ करून होते. मोठ्या व्यासाच्या पाइलबाबत तिच्यावरच विसंबू नये. क्रॉसहोल सोनिकची माहिती अधिक भरवशाची असते. भार चाचणी प्रारंभिक पाइलवर डिझाइन भाराच्या अडीच पट, तर नेहमीच्या पाइलवर दीडपट घेतात. प्रारंभिक चाचणी खरोखरच प्रारंभी, म्हणजे बाकीच्या पाइल्सची लांबी ठरण्यापूर्वी झाली, तरच तिचा उपयोग.

बिल आणि अडथळ्यांची नोंद

पाइलचे पैसे कटऑफपासून तळापर्यंतच्या मीटरवर मिळतात, कटऑफच्या वरचे मीटरभर काँक्रीट आणि बोअरमधील वाढ त्यातच धरलेली असते. एजन्सीला दर देताना हे तिला ठाऊक आहे याची खात्री करावी. आरए (चालू कामाच्या) बिलासोबत आरएफआय (तपासणीची विनंती), लेव्हलची संयुक्त नोंद, पोर कार्ड, सॉकेटची सही, क्यूबचे निकाल आणि चाचणी अहवाल पाइल क्रमांकानुसार एका फाइलमध्ये जोडावेत. महिनाअखेरीस कागद गोळा करायला निघालेल्या साइटचे बिल हमखास अडकते. सळईचा ताळमेळही दर महिन्याला मांडावा: व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने २५ मिलिमीटरच्या सळईचे मीटरमागे ३.८६ किलो होतात, आणि गेटवर तोललेले वजन, केजमध्ये गेलेले वजन आणि उरलेले तुकडे यांचा हिशेब जुळला पाहिजे.

जमीन ताब्यात न मिळणे, ड्रॉइंगमधील बदल, बोअरलॉगपेक्षा खोल लागलेला कातळ, तपासणीला न आलेला प्रतिनिधी, या प्रत्येक अडथळ्याची तारीख, वेळ आणि त्यामुळे रिकामी राहिलेली यंत्रे हिंडरन्स रजिस्टरमध्ये (अडथळ्यांच्या नोंदवहीत) त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंची सही घ्यावी. करार फिडिक या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुना कराराच्या १९९९ च्या आवृत्तीवर बेतलेला असेल, तर दाव्याची नोटीस घटना कळल्यापासून २८ दिवसांत द्यावी लागते, आणि ती मुदत चुकली तर वाढीव वेळ व पैसे दोन्हींवरचा हक्क जातो. म्हणून रजिस्टरमधील नोंद आणि नोटीस यांत आठवड्यापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. पत्राची भाषा शांत ठेवावी, त्यात आकडे आणि तारखा असाव्यात, आणि त्याची प्रत पाइलच्या फाइलमध्येही लावावी.